पावसाळ्यात मंडळ बंद ठेवू नका

प्रति,
मुंबई, ठाणे आणि उपनगरांतल्या सर्व आकाशदर्शन मंडळांचे कार्यकर्ते

स. न. वि. वि.

मे महिना संपत आला की तुमचा निरोप ठरलेला. 'या मोसमातला हा शेवटचा कार्यक्रम, आता भेटू दिवाळीनंतर.' वांगणी-नेरळच्या माळावर रात्र काढायची, पहाटेच्या लोकलमध्ये डुलक्या घेत परतायचं आणि घरी आल्यावर दुर्बीण पेटीत घालायची. भिंगाला बुरशी लागू नये म्हणून सोबत सिलिका जेलच्या पुड्या. दुर्बिणीबरोबर मंडळही पेटीत जातं. ते थेट पाऊस ओसरल्यावर बाहेर निघतं.

तुमच्यातल्या एका मंडळाच्या कार्यक्रमांना मी गेली नऊ वर्षं येते. सगळ्यात मागे, सतरंजीच्या कडेला, गुडघ्याला पट्टा बांधून बसलेली बाई काहींना आठवत असेल. तारे ओळखण्यात मी आजही कच्ची आहे, पण एक काम मला येतं. एकतीस वर्षं मी एका ग्रंथालयात तालिकाकार होते. आलेलं पुस्तक दाखल नोंदवहीत चढवायचं, वर्गांक ठरवायचा, लेखकाचं, शीर्षकाचं, विषयाचं अशी तालिकापत्रं लिहायची आणि खणात आपापल्या जागी लावायची. लोकांना हे कारकुनी वाटतं. वाटो. चुकीच्या खणात गेलेलं पत्र म्हणजे हरवलेलं पुस्तक. मग ते फडताळात समोर उभं असलं तरी कुणाच्या हाती लागत नाही.

त्या अनुभवाच्या जोरावर विनंती करते, की पावसाळ्याचे चार महिने रेडिओ-आकाशाच्या नोंदवह्या, म्हणजे आकाशातून रेडिओ लहरी पाठवणाऱ्या स्रोतांच्या याद्या, वाचायला घ्या. त्या सगळ्यांना खुल्या आहेत, फुकट आहेत, आणि त्यांत अजून इतकं काम शिल्लक आहे की आपल्यासारख्या हौशी माणसांनाही त्यातलं थोडं उचलता येईल.

ढगांची अडचण नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ महादुर्बीण, आपली जीएमआरटी, १५० मेगाहर्ट्झवर आकाश पाहते तेव्हा लाटेची लांबी असते दोन मीटर. एवढ्या लांब लाटेला ढगातला थेंब अडवणार कसा? जुलैच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास मुंबईत आपण बाल्कनीतले कपडे आत घेत असतो, त्या वेळी बरोबर डोक्यावरून किंचित दक्षिणेला शौरी तारकासमूहातला एक प्रचंड रेडिओ स्रोत मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडत असतो. हर्क्युलिस ए. सुमारे दोनशे कोटी प्रकाशवर्षं दूर. मधली दीर्घिका डोळ्यांच्या प्रकाशात पाहिली तर अगदी साधी, लंबवर्तुळाकार. रेडिओत मात्र तिच्या दोन्ही बाजूंना फुगलेले ढग, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे पंधरा लाख प्रकाशवर्षांचे.

आता त्याचं नाव पाहा. एका यादीत तो '३सी ३४८'. दुसरीकडे 'जे१६५१+०४५९'. पहिल्यांदा हे दुसरं नाव वाचलं आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. अहो, हा तर वर्गांक! विषुवांश (आकाशातला रेखांश) १६ तास ५१ मिनिटं, क्रांती (आकाशातला अक्षांश) उत्तरेला ४ अंश ५९ कला. नावच पत्ता आहे. कपाट, फळी, जागा, सगळं त्यात आलं. 'जे' हे अक्षर सांगतं की हा पत्ता इसवी सन २००० च्या मोजमापाचा आहे, कारण पृथ्वीचा अक्ष डुलतो आणि पत्ते हळूहळू सरकतात. आमच्या ग्रंथालयशास्त्राचे गुरू रंगनाथन, त्यांनी हे पाहिलं असतं तर खूश झाले असते, असं मला आपलं वाटतं.

'३सी' म्हणजे केंब्रिजची तिसरी यादी, १९५९ ची, ४७१ स्रोतांची. क्रम विषुवांशाप्रमाणे. १९६२ मध्ये तिची सुधारून दुसरी आवृत्ती काढली, तेव्हा काही जुने स्रोत गळले आणि काही नवे सापडले. नव्यांना जागा कुठे द्यायची? सगळे क्रमांक बदलले तर आधीच्या सगळ्या लेखांतले संदर्भ कोसळणार. म्हणून त्यांनी दशांश घातले. ३सी ३९०.३ हा त्यातलाच, ३सी ६१.१ सुद्धा. गळलेल्यांचे क्रमांक रिकामेच सोडले. आम्ही दाखल नोंदवहीत हेच करायचो. बाद केलेल्या पुस्तकाचा दाखल अंक दुसऱ्या पुस्तकाला कधी द्यायचा नाही, हा आमच्याकडे धर्म होता.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती त्याआधीची, फसलेली यादी. केंब्रिजच्याच मार्टिन राईल यांच्या गटाची दुसरी यादी, २सी, १९५५ मध्ये आली. त्यात १९३६ स्रोत होते. अंधूक स्रोत इतके जास्त भरले, की विश्व सदासर्वकाळ एकसारखंच आहे असं मानणारा स्थिर स्थितीचा सिद्धांत टिकणार नाही, असं राईल सांगू लागले. तिकडे सिडनीजवळ बर्नार्ड मिल्स यांच्या गटाने आपल्या क्रॉसच्या आकाराच्या दुर्बिणीने आकाशाचा तोच पट्टा मोजला. दोन याद्या शेजारी ठेवल्या तर जुळणी फारच कमी. झालं असं होतं, की केंब्रिजच्या दुर्बिणीची नजर जाड होती. तिच्या एका नजरेत दोन-तीन अंधूक स्रोत एकदम यायचे आणि मिळून एक ठळक स्रोत दिसायचा. २सीमधल्या पुष्कळ नोंदी अशा होत्या, ज्यांच्या पत्त्यावर प्रत्यक्षात कुणी राहतच नव्हतं.

मी नोकरीला लागले त्या वर्षी माझ्याकडूनही असंच झालं होतं. पावसात भिजलेल्या एका गठ्ठ्यातली दोन पुस्तकं एकमेकांना चिकटली होती. मी ती एकच समजून, वरचं मुखपृष्ठ बघून, एकच नोंद केली. तीन वर्षांनी पडताळणीत ते उघडं पडलं. वरिष्ठ ओरडल्या नाहीत. नोंदवहीच्या 'शेरा' या रकान्यात लाल शाईने 'संयुक्त नोंद, विभागली' असं लिहून त्यांनी मला सही करायला लावली. तो रकाना मी पुढे कधी रिकामा सोडला नाही. शंका असली तरी लिहायची, विशेषतः शंका असली तर.

राईल यांच्या गटानेही अखेर तेच केलं. पुन्हा मोजलं, वारंवारता वाढवली, ३सी बनवली, मग ४सी. १९६१ मध्ये नव्या मोजणीच्या बळावर त्यांनी स्थिर स्थितीवर पुन्हा हल्ला चढवला, तेव्हा त्या सिद्धांताचे पुरस्कर्ते फ्रेड हॉयल यांच्या बाजूने लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत उत्तर द्यायला उभा राहिला तो त्यांचा बावीस वर्षांचा विद्यार्थी, आपल्या कोल्हापूरचा, जयंत नारळीकर. हेच नारळीकर १९७२ मध्ये कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. आणि १९७५ मध्ये त्याच संस्थेच्या गोविंद स्वरूप आणि विजय कपाही यांनी उटीच्या दुर्बिणीची निरीक्षणं मांडून दाखवलं की रेडिओ स्रोत जितके अंधूक तितके ते आकाराने लहान, आणि हे गणित बदलत गेलेल्या विश्वाशी जुळतं, स्थिर विश्वाशी नाही. एका संस्थेत दोन्ही बाजू नांदत होत्या. कुलाब्याच्या त्या कँटीनमध्ये चहाच्या वेळी काय चर्चा झडत असतील!

उटीच्या त्या दुर्बिणीची गोष्ट तुमच्यापैकी अनेकजण कार्यक्रमात सांगतात. डोंगराचा उतार त्या जागेच्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंशांचा, म्हणजे दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, त्यामुळे ५३० मीटर लांबीची दुर्बीण नुसती आपल्या लांब अक्षाभोवती वळवली की तारे तासन् तास नजरेत राहतात. ती सुरू झाली १९७० मध्ये. तिच्या आधीचं पान मात्र सांगायचं राहून जातं, आणि ते आपल्या मध्य रेल्वेवरचं आहे. सिडनीच्या पॉट्स हिलवरच्या बत्तीस लहान तबकड्या, प्रत्येकी जेमतेम सहा फूट व्यासाची, ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या होत्या. स्वरूप १९६३ मध्ये टाटा संस्थेत आले आणि १९६५ मध्ये त्या तबकड्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या. ६१० मेगाहर्ट्झवर त्यांनी सूर्य पाहिला. भारतातली रेडिओ खगोलशास्त्राची पहिली मोठी मांडणी ती. पहाटे वांगणीहून येताना लोकल कल्याणला थांबते तेव्हा एकदा तरी मुलांना हे सांगा. सध्या तिथे आपण फक्त खिडकीची जागा धरून ठेवायला सांगतो.

आता मुख्य कामाकडे येते.

याद्या आता माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीने १९९३ पासून तीन-चार वर्षांत केलेल्या एनव्हीएसएस पाहणीत सुमारे १८ लाख नोंदी आहेत. आपल्या जीएमआरटीने २०१० ते २०१२ मध्ये १५० मेगाहर्ट्झवर आकाश पिंजून काढलं, टीजीएसएस या नावाने. त्या पाहणीतली कच्ची निरीक्षणं दुर्बिणीच्या संग्रहातून सगळ्यांना उपलब्ध झाली होती. ती घेऊन दुसऱ्याच, परदेशात काम करणाऱ्या एका गटाने नव्या पद्धतीने त्यांच्यावर प्रक्रिया केली आणि २०१७ मध्ये यादी छापली. आकाशाचा ९० टक्के भाग, सुमारे ६ लाख २० हजार स्रोत. काहींना यात कमीपणा वाटतो, की दुर्बीण आपली आणि यादी त्यांची. मला तसं वाटत नाही. संग्रह उघडा ठेवला म्हणून यादी झाली. कुलपात ठेवला असता तर वाळवीची सोय झाली असती. नेदरलँड्सच्या लोफार दुर्बिणीची २०२२ ची यादी तर उत्तर आकाशाच्या २७ टक्के भागातच सुमारे ४४ लाखांपर्यंत गेली.

एवढ्या नोंदी अर्थात संगणक करतो. प्रतिमेत आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा ठळक असा ठिपका दिसला की त्याची जागा, तेज आणि आकार टिपतो आणि पुढे जातो. घोटाळा पुढे आहे. हर्क्युलिस ए सारखी दीर्घिका दोन्ही बाजूंना दोन ढग फेकते. ढग पुरेसे लांब असले तर संगणकाला ते दोन वेगळे ठिपके वाटतात, त्यांच्या दोन वेगळ्या नोंदी होतात, आणि ज्या दीर्घिकेतून ते निघाले ती मध्ये रेडिओत अंधूक असली तर तिची नोंदच होत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ग्रंथाचा खंड पहिला एका दाखल अंकावर, खंड दुसरा भलत्याच अंकावर, आणि लेखकाचा पत्ता नाही.

रेडिओ ढगांची अशी जोडी असते, हे प्रथम कळलं ते हंस तारकासमूहातल्या सिग्नस ए मध्ये, आणि ते दाखवणाऱ्या दोघांपैकी एक आपला होता. कलकत्त्याहून इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेत गेलेले मृणालकुमार दासगुप्ता. त्यांचा आणि रॉजर जेनिसन यांचा लेख १९५३ चा. ठिपक्याच्या जागी एक स्रोत असेल अशा समजुतीत असलेल्यांना त्यांनी सांगितलं, की नाही, दोन आहेत, आणि मधली जागा जवळजवळ रिकामी आहे. त्या रिकाम्या जागेतच दीर्घिका निघाली.

तर काम हे, की रेडिओची प्रतिमा आणि साध्या प्रकाशातली प्रतिमा एकावर एक ठेवायची आणि विचारायचं, हे दोन ठिपके एका घरचे का? असतील तर घर कुठलं? त्यासाठी स्ट्रासबर्गच्या खगोलीय माहिती केंद्राचं 'अलादीन' आहे. ब्राउझरमध्ये उघडतं, त्यात एनव्हीएसएस, टीजीएसएस आणि प्रकाशातल्या पाहण्यांचे थर आहेत, हवा तो निवडता येतो. साधा लॅपटॉप आणि बऱ्यापैकी वायफाय पुरतं. पहिल्या दिवशी डोळे दुखतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला जोड्या आपोआप दिसायला लागतात, जशी अक्षर पाहूनच मला जुनी तालिकापत्रं कुणी लिहिली ते कळायचं.

'हे तर आता यंत्रच शिकेल' असं तुमच्यातले संगणकवाले म्हणतील. शिकतंय. पण ते शिकतं माणसांनी लावलेल्या जोड्यांवरून, आणि कुणी कधीच न पाहिलेला आकार आला तर त्याला काय नाव द्यायचं हे त्याला कोण सांगणार? ऑस्ट्रेलियातल्या एएसकेएपी दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये २०१९ मध्ये अंधूक, पोकळ वर्तुळं दिसली. कशाशीच न जुळणारी. ती कुणाच्या तरी डोळ्यांना दिसली, प्रतिमा एकेक करून पाहताना. लोफारच्या यादीतल्या दीर्घिका ओळखायलाही जगभरच्या हौशी लोकांची मदत घेतली आहे.

आणि यासाठी परदेशाकडे बघायची गरज नाही. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांच्या कलिन्यातल्या केंद्राचे डॉ. आनंद होता २०१३ पासून 'रॅड ॲट होम' हा उपक्रम चालवतात. देशभरातले विद्यार्थी त्यात जीएमआरटीच्या प्रतिमा वाचायला शिकतात. सांताक्रूझला उतरून रिक्षाने जाण्याइतकं ते जवळ आहे. आपण मात्र त्याच सांताक्रूझवरून बोरिवलीच्या उद्यानात दुर्बीण लावायला जातो आणि शहरातल्या दिव्यांना शिव्या घालतो.

आमच्या मंडळात मी हा विषय गेल्या वर्षी काढला होता. उत्तर आलं, 'काकू, पडद्याकडे बघणं म्हणजे आकाशदर्शन नव्हे.' त्या मुलाचा मला राग आला नाही. शनीची कडी पहिल्यांदा भिंगातून बघताना मीही ओरडले होते, आणि तो आनंद पडद्यावर मिळत नाही हे मान्य. पण मग एक सांगा. कन्या राशीत १३ व्या प्रतीचा, म्हणजे बराच अंधूक, एक निळसर ठिपका आहे, तुमच्यातल्या आठ इंची दुर्बिणीवाल्यांनी तो पाहिला असेल. नुसता पाहिला तर तो एक फालतू तारा आहे. यादीत तो ३सी २७३ आहे. १९६२ मध्ये चंद्र त्याच्यावरून सरकताना ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीने, तो चंद्राआड गेल्याचा क्षण टिपून, त्याची नेमकी जागा धरली, १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातली ताम्रसृती, म्हणजे दूर जाण्यामुळे लाल टोकाकडे सरकलेल्या रेषा, वाचली आणि तो तारा दोनशे कोटींहून जास्त प्रकाशवर्षं दूरचा क्वासार, म्हणजे ताऱ्यासारखा दिसणारा पण दीर्घिकेच्या गाभ्यातला अतितेजस्वी स्रोत, निघाला. तीच चंद्राची युक्ती वापरायची म्हणून तर स्वरूप उटीचा डोंगर शोधायला निघाले. नोंद वाचली नसती तर भिंगातून काय दिसलं असतं?

मुलांना 'तुम्ही नवा शोध लावाल' असं आमिष दाखवून बोलावू नका, एवढी मात्र माझी अट आहे. शोध लागेल किंवा नाही लागणार. बहुतेक रविवार नुसत्या जोड्या लावण्यात जातील, आणि त्यातल्याही निम्म्या आधीच कुणीतरी लावलेल्या निघतील. ते तपासायलाही शिकवावं लागेल. नोंदवही ठेवा, वहीच, कागदाची. रकाने मी आखून देते: पत्ता, कुठल्या पाहणीत दिसला, जोडी आहे का, मधली दीर्घिका कुठली, कुणी पाहिलं, दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे पाहिलं का, आणि शेवटी शेरा. दोघांचं जुळलं नाही तर दोघांचंही लिहायचं, खाडाखोड करायची नाही. वहीचे मथळे मराठीत असू देत. विषुवांश, क्रांती, दीर्घिका, ताम्रसृती हे शब्द आपल्याकडे आहेत; आपणच कार्यक्रमात ते वापरायचं सोडून दिलं आहे. जिथे नाही तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा, त्यात लाज नाही.

चार महिन्यांनी वहीतल्या शंकास्पद नोंदी जाणकारांपुढे ठेवू. आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदची दुर्बीण लोकांसाठी उघडते तेव्हा माळशेज घाटातून एसटीने सगळे मिळून जाऊ. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मध्ये आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. त्यांच्या खाली उभं राहून मुलांना 'ही मोठी आहे' एवढंच कळायला नको. आपल्या वहीतला अमुक पत्ता हिनेच टिपला होता, हे त्यांना ठाऊक असायला हवं.

जागेचं म्हणाल तर मुलुंडला आमच्या सोसायटीचं सभागृह रविवारी दुपारी दोन ते सहा रिकामं असतं. सेक्रेटरींशी बोलून ठेवलं आहे, भाडं घेणार नाहीत, दिव्याचे पैसे द्यावे लागतील. जूनच्या दुसऱ्या रविवारी या. लाल शाईचं पेन माझ्याकडे आहे. एक्स्टेन्शन बोर्ड तुम्ही आणा, सभागृहात प्लग दोनच आहेत आणि त्यातला एक पंख्याला लागतो.

आपली,
एक निवृत्त तालिकाकार
मुलुंड (पूर्व)